दुधाचे दात आणि उशिराचे शहाणपण

मराठी घरात मुलाचे पहिले वर्ष समारंभांनी भरलेले असते. पाचवी होते, बारसे होते, कान टोचले जातात, सहाव्या महिन्याच्या सुमारास मामाच्या मांडीवर बसवून उष्टावण होते आणि पुढे यथावकाश जावळही काढले जाते. या कौटुंबिक सोपस्कारांच्या जोडीला आता लसीकरणाचे वेळापत्रक आले असून ते पाळण्यात सर्वसामान्य पालक पूर्वीपेक्षा पुष्कळच दक्ष झाले आहेत. एवढ्या भरगच्च वर्षात एका व्यक्तीला मात्र कोठेही स्थान नसते. ती व्यक्ती म्हणजे दंतवैद्य. त्याची आठवण होते ती मूल पाच-सहा वर्षांचे झाल्यावर, बहुधा मध्यरात्री, गाल सुजून ते तळमळू लागले म्हणजे. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून रात्र कशीबशी काढली जाते आणि सकाळी मुलाची शाळा बुडवून, कचेरीत रजेचा अर्ज टाकून, दंतवैद्याचे दार ठोठावले जाते. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोचली आहे, आता मुळापर्यंत उपचार करावे लागतील किंवा दात काढावा लागेल, असे तो सांगतो; आणि ‘थोडे आधी आणले असते तर’ हे वाक्य त्याने उच्चारले नाही तरी पालकांना ऐकू येते.

हे ‘थोडे आधी’ म्हणजे नेमके केव्हा, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ऐकून अनेकांना नवल वाटेल. पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत पहिल्या वाढदिवसापूर्वी, मुलाला दंतवैद्याकडे एकदा नेऊन आणावे, असे या विषयातील जाणकारांचे आज मत आहे. हे मत एका रात्रीत बनलेले नाही. अमेरिकेत दीर्घकाळ तीन वर्षे हे पहिल्या भेटीचे वय मानले जाई. तीन वर्षांची मुले येतात तेव्हा त्यांतील अनेकांचे पुढचे दात आधीच किडलेले असतात, असा अनुभव वारंवार येऊ लागल्यावर तेथील बालदंतवैद्यांच्या अकादमीने १९८० च्या दशकात ही मर्यादा एक वर्षावर आणली. २००३ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही त्याच दिशेने भूमिका घेतली. ब्रिटनमधील बालदंतवैद्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये वर्षाच्या आत दंततपासणीचा पुरस्कार करणारी मोहीमच हाती घेतली.

‘तोंडात धड चार दात नाहीत, तोच दंतवैद्य कशाला?’ असे कोणी विचारील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कारण डॉक्टरकडे जावयाचे ते दुखल्यावर, हा आपला नियम इतर अनेक बाबतींत व्यवहाराला धरूनच असतो. ताप आल्यावर डॉक्टर गाठला तर फारसे बिघडत नाही. दातांचे शास्त्र मात्र निराळे आहे. दाताच्या बाहेरील कठीण आवरणाला संवेदना नसते. कीड त्या आवरणात शिरते, ते पोखरते, आतल्या थराकडे सरकते, आणि या अवधीत मूल खातपीत, हसत, खेळत असते. गाभ्यातील मज्जेपर्यंत पोचल्यावरच ठणका सुरू होतो. म्हणजे वेदना हा दंतक्षयाचा अगदी शेवटच्या टप्प्यावरचा निरोप होय. त्या निरोपाची वाट पाहणारा पालक निष्काळजी असतोच असे नाही. परंतु तो उशिरा पोचणार, हे ठरलेलेच असते. म्हणूनच दंतवैद्याकडे जाण्याची वेळ दुखण्यावरून न ठरविता दिनदर्शिकेवरून ठरविली पाहिजे.

आपल्याकडे दात किडण्याची कल्पना फार काळ शब्दशः किड्याशी निगडित होती. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे पाडून दाखविणारे लोक गावोगाव फिरत, आणि पडलेले ‘किडे’ पाहून भल्याभल्यांची खात्री पटे. वस्तुतः दातात असा किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेचे व पिष्टमय पदार्थांचे आम्लात रूपांतर करतात आणि ते आम्ल दातातील खनिजे विरघळविते, हा सिद्धांत डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पुढील संशोधनाने त्यात पुष्कळ भर घातली. गाभा तोच राहिला. या भरीतील एक भाग पालकांच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे. दातातील खनिजे विरघळतात, तशी ती लाळेच्या आणि फ्लोराइडच्या साहाय्याने परतही येतात. कीड प्रथम प्रकटते ती हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढुरक्या रेषेच्या किंवा डागाच्या रूपाने. या अवस्थेत ती थोपविता येते, किंबहुना परतविता येते. भोक पडल्यावर मात्र दात आपला आपण भरून येत नाही. पांढरा डाग ओळखण्यास सरावाची नजर लागते, आणि ही नजर पालकांना देणे हे पहिल्या भेटीचे मुख्य प्रयोजन होय.

दुसरा आक्षेप याहून जुना आहे. दुधाचे दात पडावयाचेच असतात. त्यांची एवढी चिंता कशाला? पडलेला दात तुळशीत पुरण्याची किंवा कौलावर भिरकावण्याची आपली रीत या निश्चिंतपणाचीच द्योतक आहे. पण हे दात केव्हा पडतात याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाही. दुधाचे दात एकूण वीस. त्यांतील समोरचे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात हे खरे. परंतु दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात. अडीच-तीन वर्षांच्या वयात किडलेली दाढ मुलाला आणखी सात-आठ वर्षे वापरावयाची असते. पहिलीपासून पाचवीपर्यंतचे सारे शिक्षण, वाढीचा महत्त्वाचा काळ, सकाळ-संध्याकाळचे जेवण हे सर्व याच दातांच्या भरवशावर चालते. दुखऱ्या दाढेचे मूल भाकरी टाळते, मऊ व गोड तेवढे मागते, आणि त्या गोडानेच कीड वाढते.

शिवाय दुधाचा दात आपल्याखाली वाढणाऱ्या कायम दाताची जागा राखून ठेवतो. दाढ अवेळी काढावी लागली की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलतात आणि नंतर येणारा दात वाट न मिळाल्याने वाकडा येतो किंवा अडकून राहतो. मुळाशी साठलेला पू खालच्या घडत असलेल्या कायम दाताला इजा करू शकतो. भाषा शिकविणाऱ्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको की त, थ, द, ध या वर्णांना आपले व्याकरण दंत्य म्हणते. बोलणे घडण्याच्या वयात पुढचे दातच खचले तर उच्चारात अडथळा येऊ शकतो. आणि या सर्वांत एक फसवणूक दडलेली आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरातील माणसे तिलाही दुधाचीच समजतात. वास्तविक ती कायमची दाढ असते आणि जन्मभर पुरावयाची असते. ‘पडेल आपोआप’ या समजुतीने ती किडू दिली जाते, आणि दहाव्या-बाराव्या वर्षी ती गमावलेली मुले कोणत्याही सार्वजनिक दंतरुग्णालयात पाहावयास मिळतात.

या रोगाचा पसारा लहान नाही. भारतीय दंत परिषदेने केंद्र सरकारच्या सहकार्याने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मुलांत दंतक्षय आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. बालपणातील इतर आजारांच्या मानाने याची चर्चा होत नाही. कारण याने सहसा कोणी दगावत नाही. मूल मरत नाही म्हणून त्याचे रात्ररात्र रडणे क्षुल्लक मानावयाचे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आता या किडीचे मूळ आपल्या घरात कोठे आहे ते पाहू. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि कोणत्या रूपात खाल्ली याला दातांच्या बाबतीत अधिक महत्त्व आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णालयात १९४० च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगाने हे दाखवून दिले. जेवणासोबत दिलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने दात कितीतरी अधिक किडले. असहाय मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीविना केलेला हा प्रयोग नीतीच्या दृष्टीने निषिद्धच होता आणि आज त्याचे कोणी समर्थन करीत नाही. परंतु इतक्या मोलाने मिळालेले ज्ञान आपण वाया घालवावे असाही त्याचा अर्थ नाही. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांभोवतीची आम्लता वाढते आणि लाळेला ती निवळविण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दिवसभर हातात बिस्किट असलेल्या मुलाच्या लाळेला ही उसंत मिळतच नाही.

आपली घरे या दृष्टीने तपासून पाहावीत. रडू नये म्हणून साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन मुलाला झोपविले जाते. झोपेत लाळ कमी पाझरते आणि दूध दातांभोवती साचून राहते. वरचे पुढचे दात प्रथम किडतात ते यामुळेच. खालच्या दातांवर जिभेचे पांघरूण असते म्हणून ते बचावतात. चोखणी मधात बुडविली जाते; वस्तुतः वर्षाच्या आतील मुलाला मध देऊच नये, असे डॉक्टर निराळ्याच कारणासाठीही बजावीत असतात. चहात बुडविलेले ग्लुकोजचे बिस्किट ही तर आपल्याकडील न्याहारीच होऊन बसली आहे. खोकल्याच्या गोड औषधाचा चमचा रात्री निजताना दिला जातो आणि त्यावर तोंड धुण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. यांतील एकही गोष्ट दुष्टपणाने केलेली नसते. या सवयी दोन वर्षांच्या मुलाच्या हाडीमाशी खिळल्यावर मोडणे जिकिरीचे, तर नऊ-दहा महिन्यांच्या मुलाच्या बाबतीत त्या लागू न देणे पुष्कळ सोपे. पहिल्या भेटीचे वय एवढे अलीकडे ओढण्याचे खरे कारण हे आहे.

मग या भेटीत घडते तरी काय? मुलाला त्या भल्यामोठ्या खुर्चीवर एकटे बसविले जात नाही. आई आणि दंतवैद्य समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि त्याला हळूच मागे कलवून त्याचे डोके दंतवैद्याच्या मांडीवर टेकविले जाते. दोन-तीन मिनिटांत तपासणी आटोपते. मूल थोडे रडते. त्यात काही वावगे नाही. उरलेला वेळ असतो आईवडिलांचा. वरचा ओठ उचलून हिरडीलगत काय पाहावयाचे, ब्रश कसा धरावयाचा, बाटली केव्हा सोडवावयाची, हे तेथे प्रत्यक्ष दाखविता येते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट पहिल्या दातापासून वापरावी, मात्र तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच घ्यावी, हा आज सामान्यतः दिला जाणारा सल्ला आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलात मुळातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे याविषयी दंतवैद्याचे स्थानिक मार्गदर्शन घेणे इष्ट. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासून दिले पाहिजेत, हेही अनेकांना प्रथमच कळते.

या भेटीचा आणखी एक लाभ आहे. ज्या मुलाची दंतवैद्याशी पहिली ओळख ठणक्यात, सुईच्या आणि चिमट्याच्या साक्षीने होते, त्याच्या मनातील धास्ती मोठेपणीही जात नाही. भीतीमुळे तो जाणे लांबणीवर टाकतो, त्यामुळे दुखणे वाढते आणि पुढची भेट अधिक क्लेशकारक ठरते. त्यात ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असे धमकावून आपणच भर घालीत असतो. दुखत नसताना चार वेळा गेलेले मूल पाचव्या वेळी दुखत असतानाही विश्वासाने तोंड उघडते.

अर्थात पहिल्या वर्षाची भेट म्हणजे कवचकुंडले नव्हेत. एकदा जाऊन आलो आणि घरी बाटली चालूच ठेवली, तर फळ शून्य. खर्चाचा प्रश्नही खराच आहे. महिनाअखेरीस हिशेब जुळविणाऱ्या कारकुनाला दुखत नसलेल्या दातासाठी शुल्क मोजणे जिवावर येणारच. त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की तपासणीचे शुल्क आणि मुळापर्यंतच्या उपचाराचा खर्च यांत महदंतर असते. फार लहान मुलाचे बरेच दात किडले असतील तर पूर्ण भूल देऊन उपचार करण्याची पाळी येते, आणि तो खर्च मध्यम उत्पन्नाच्या घराला हादरा देणारा असतो. शिवाय दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालदंतविभाग असतात आणि तेथील तपासणी खाजगी दवाखान्याच्या मानाने अल्प खर्चात होते. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय तर १९३३ पासून उभे आहे.

परंतु मेळघाटातील किंवा माणदेशातील आईला हा उपदेश करणे म्हणजे क्रूर थट्टा होईल. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये झाली, तरी त्यांतून बाहेर पडणारे दंतवैद्य शहरांत एकवटले आहेत. ज्या तालुक्यात बालदंतवैद्य दूरच, साधा दंतवैद्यही हाकेच्या अंतरावर नाही, तेथे वर्षाच्या आतील तपासणीचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावयाचा?

याला एक व्यवहार्य उत्तर आहे आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची पहिली मात्रा आणि त्याच सुमारास ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देण्यासाठी आई मुलाला घेऊन आरोग्य केंद्रात येते. त्या वेळी मुलाच्या तोंडात बहुधा दोन-चार दात आलेले असतात. त्याच दिवशी परिचारिकेने मुलाचा वरचा ओठ उचलून पाहावा, आईला दोन मिनिटे चार गोष्टी सांगाव्यात आणि शंका आल्यास पुढे पाठवावे. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्या मात्रेच्या वेळी हेच पुन्हा करता येईल. पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतविकारांचा समावेश आहे आणि त्यातील फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावी अशी योजना आहे. म्हणजे चौकट तयार आहे. तिच्यात दातांचा रकाना केवळ भरण्यापुरता भरावयाचा की त्यावर पुढे काही कार्यवाही करावयाची, एवढाच प्रश्न उरतो.

सामूहिक प्रयत्नांनी काय साधते याचे उदाहरण स्कॉटलंडने घालून दिले आहे. तेथील बालवाड्यांत शिक्षिकांच्या देखरेखीखाली मुलांकडून रोज फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासून घेतले जातात आणि गरजू कुटुंबांना लवकर दंतवैद्याशी जोडून दिले जाते. या शतकाच्या आरंभी तेथे शाळेत दाखल होणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांहून कमी मुलांचे दात दृश्य किडीपासून मुक्त होते. २०२० पर्यंत हे प्रमाण जवळपास तीन-चतुर्थांशावर गेले. आपल्या अंगणवाड्यांची योजना १९७५ पासून चालू आहे. तेथे पूरक आहार मिळतो, वजन होते, गाणी शिकविली जातात. त्या दिनक्रमात पाच मिनिटे दात घासण्यासाठी काढणे अशक्य कोटीतील नाही. मात्र सेविकांवर आणखी एक बिनमोबदल्याचे ओझे टाकून नव्हे, तर ब्रश, पेस्ट, पाणी आणि त्यांच्या श्रमांचा मोबदला यांची तरतूद करून हे व्हावयास हवे.

शिक्षकांची भूमिका येथे मोलाची आहे. पहिलीच्या वर्गात गालावर हात ठेवून बसलेले, फळ्याकडे लक्ष नसलेले मूल मठ्ठ नसते. कदाचित ते रात्रभर झोपलेले नसते. अशा मुलाच्या पालकांना बोलावून दाताची चौकशी करणारा शिक्षक त्याच्या धाकट्या भावंडाचेही दात वाचवितो; कारण घरात जे बाळ रांगत असते त्याची वेळ अजून गेलेली नसते. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही आपल्या भाचरांच्या, पुतण्यांच्या घरी हा निरोप पोचविता येईल.

उष्टावणाच्या सुमारासच मुलाच्या हिरडीतून पहिला दात डोकावतो. खिरीचे पहिले बोट त्याच्या जिभेवर लागते त्या दिवसापासूनच त्या दाताच्या रक्षणाची जबाबदारी घरावर येते. जावळ काढण्यासाठी आपण चांगला दिवस पाहतो. दंतवैद्याकडे जाण्यास पंचांगाची गरज नाही. पहिला वाढदिवस उजाडण्यापूर्वीचा, मूल हसत-खेळत असलेला आणि काहीही दुखत नसलेला कोणताही दिवस त्यासाठी चांगलाच होय.